कोपराने पाहिलेलं पाणी

कणसू घरी आला त्या संध्याकाळी मी त्याला अंघोळ घातली. ती घालायला नको होती हे दोन आठवड्यांनी कळलं, आणि का नको होती हे नीट उमगायला श्रावण उजाडावा लागला.

कणसू म्हणजे साप. इकडे त्याला कॉर्न स्नेक म्हणतात. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, रालेजवळच्या एका गावात राहतो. घरामागे पाइनचं रान आहे, आणि हा साप मूळचा याच मुलखातला, अमेरिकेच्या आग्नेय भागातला. आमचा कणसू मात्र रानातून धरून आणलेला नाही. त्याच्या कित्येक पिढ्या माणसांच्याच घरात अंड्यांतून बाहेर आल्या आहेत. लेक अकरा वर्षांची. साप हवा म्हणून दोन वर्षं मागे लागली होती, आणि त्या दोन वर्षांत तिने सापांबद्दल इतकं वाचलं की शेवटी नाही म्हणायला माझ्याकडे कारण उरलं नाही.

मार्चमधल्या एका रविवारी सरीसृपांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथून आम्ही त्याला आणलं. झाकणाला भोकं पाडलेला पारदर्शक डबा, आत ओला टिश्यू आणि त्यावर दीड फुटाचा, करंगळीहून बारीक जीव. पाठ नारिंगी, तिच्यावर काळ्या कडेचे तांबडे डाग, एकापाठोपाठ एक मांडलेले. गाडीत बसल्यावर लेकीने डबा डोक्याच्या वर धरून खालून पाहिलं. पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी होत्या, रंगीत मक्याच्या कणसावर दाणे दिसतात तशा. "आई, हा तर कणीस आहे," ती म्हणाली. घर येईपर्यंत कणसाचा कणसू झाला होता.

विकणाऱ्या बाईंनी निघताना दोनदा बजावलं होतं. आठवडाभर हात लावू नका. खायला देऊ नका. स्वच्छ पाणी ठेवा आणि त्याला एकटं सोडा. मी मान डोलावली होती. पण घरी पोचलो, डब्यातला टिश्यू मळलेला दिसला, पिल्लाच्या अंगाला काहीबाही चिकटलेलं दिसलं, आणि माझे हात माझ्याआधी कामाला लागले.

माझं माहेर शिराळा तालुक्यातलं. तिथे दारात आलेल्या कुणालाही आधी पाणी मिळतं. पाहुण्याच्या पायांवर तांब्याभर पाणी. बाजारातून नवी म्हैस आणली की खुरांवर पाणी, कपाळाला हळदकुंकू, अंगावरून भाकरतुकडा. सून माप ओलांडून येते तीही भाकरतुकडा ओवाळून आणि पायांवर पाणी घालूनच. जन्मलेल्या बाळाला तर पहिले कितीतरी दिवस अंघोळीनेच आपलंसं करतात. माझी आजी बाळाला पायांवर पालथं घ्यायची, पाण्यात आधी कोपर बुडवायची, क्षणभर थांबायची, आणि कोपराने हो म्हटलं की मगच पहिला तांब्या ओतायची. हाताचे तळवे चुलीपाशी निबर झालेले असतात, त्यांना ऊन-थंड कळत नाही, कोपर खरं बोलतं, असं ती सांगायची.

मीही कोपराने पाणी पाहिलं. स्वयंपाकघरातल्या गोल टबात बोटभर कोमट पाणी घेतलं आणि कणसूला अलगद आत सोडलं.

तो लगेच पोहू लागला. मान पाण्याबाहेर काढून टबाच्या कडेकडेने, एकदा, दोनदा, दहादा. मला वाटलं, खेळतोय. खरं तर तो कोपरा शोधत होता, आणि गोल टबाला कोपरा नसतो. मग त्याने पाण्यात घाण केली आणि तिच्यासोबत एक उग्र दर्प सुटला. मी घाईने त्याला उचललं तर त्याने माझ्या बोटाला दोन वेढे घातले आणि आवळून धरलं. केवढीशी ती ताकद, पण बोटाचं टोक लाल झालं. किती पटकन बिलगला, असं मी त्या रात्री आईला फोनवर सांगितलं. माझा आवाज भरून आला होता.

नंतर तो दिसेनासा झाला. काचेच्या पेटीतल्या लाकडी भुशाखाली जाऊन बसला तो बसलाच. आठव्या दिवशी लेकीने गोठवलेलं उंदराचं पिल्लू कोमट करून चिमट्याने पुढे धरलं. कणसूने मान मागे घेतली. बाराव्या दिवशी पुन्हा तेच. एवढासा जीव, पंधरा दिवस उपाशी. रात्री उठून मी टॉर्च घेऊन पेटीपाशी जायची, भुसा हलतोय का पाहायची. आणि त्यानेही त्याच्या बिथरण्यात भरच पडत होती.

शेवटी सरीसृपांच्या डॉक्टरांना फोन केला आणि अंघोळीसकट सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. किती गरम होतं? कोमट, मी म्हटलं. कोणाच्या हाताला कोमट?

या प्रश्नापाशी मी अडकले. आपल्या कातडीची ऊब साधारण ३३ अंशांच्या आसपास असते, म्हणून ३७-३८ अंशांचं पाणी आपल्याला सुखाचं कोमट वाटतं. सापाच्या अंगात अशी स्वतःची ऊब नसते. तो ज्यावर बसतो, त्याचं अंग तेवढंच तापतं. कणसूला ऊबदार जागा हवी ती ३० अंशांच्या जवळपासची, आणि नको वाटली की सरकून जायला २४-२५ अंशांची गार जागाही हवी. म्हणजे माझ्या कोपराने ज्या पाण्याला हो म्हटलं होतं, ते त्याला चांगलंच कढत होतं, आणि सरकायला सावलीची जागा कुठेच नव्हती. माझ्या आजीचं कोपर खरं बोलायचं ते माणसाच्या लेकरासाठी.

आणि तो बिलगला नव्हता. घाबरलेला साप मिळेल ते आवळतो, पडू नये म्हणून.

डॉक्टरांनी औषध दिलं नाही. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावायला सांगितला. दोन लपणं ठेवा, एक ऊबदार बाजूला, एक गार बाजूला. लपणं अशी हवीत की तो वेटोळं करून बसला की चारी बाजूंनी भिंत त्याच्या अंगाला टेकली पाहिजे, मोठं घर त्याला उघडं पडल्यासारखं वाटतं. लपण एकच असेल तर त्याला ऊब आणि आडोसा यांतलं एक निवडावं लागतं, आणि भ्यालेला साप आडोसा निवडतो, मग ऊब मिळत नाही, मग खाल्लेलं पचत नाही. तापपट्टीला थर्मोस्टॅट लावा. पाण्याचं भांडं त्याला आत बसता येईल एवढं ठेवा. आणि दहा दिवस विसरून जा.

विसरून जा हा शब्द मला फार लागला. आमच्याकडे मायेचं लक्षण म्हणजे विचारपूस. जेवलास का, झोप लागली का, अंगात कणकण आहे का. येता-जाता पाठीवरून हात. ज्याला हात लावायचा नाही त्याच्यावर माया करायची कशी?

ते मला लेकीने शिकवलं. ती अनवाणी चालायला लागली. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीतून येणारी थरथर त्याच्या जबड्याच्या हाडांतून आतल्या कानाला पोचते. दार आपटलं की ते त्याला अंगभर ऐकू येतं. मग आमच्या घरातली दारं हळू लागू लागली. मिक्सर पेटीपासून दूरच्या टोकाला गेला. संध्याकाळी लेक पेटीसमोर जमिनीवर वही घेऊन बसे आणि गृहपाठ करी. काही बोलायची नाही, काही दाखवायची नाही. तिचा वास मात्र काचेवरच्या जाळीतून आत जात राही. साप जीभ बाहेर काढतो ती चावायला नव्हे. दुभंगलेल्या टोकांवर हवेतले कण टिपून तो ते टाळूतल्या एका इंद्रियाला नेऊन देतो आणि त्यातून समोर काय आहे ते ओळखतो. एका संध्याकाळी भुशातून बोटाच्या पेराएवढं डोकं वर आलं. काळी-तांबडी जीभ दोनदा, तीनदा हलली, लेकीच्या दिशेने. लेकीने पेन्सिल थांबवली, पण मान वळवली नाही. ती बघत असती तर तो गेला असता, हे तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

मराठीत दोन शब्द आहेत. जनावर माणसाळतं, आणि माणूस नव्या जागी रुळतो. कणसूबरोबर राहून मला या दोन शब्दांमधलं अंतर कळलं. माणसाळणं म्हणजे त्याने आपल्यासारखं होत जाणं. कुत्रा माणसाळतो, पोपट माणसाळतो. साप माणसाळत नाही. तो हाक मारल्यावर येणार नाही, दारात वाट पाहणार नाही. पण तो रुळतो. आपला वास धोक्याचा नाही हे त्याच्या लेखी ठरतं, आणि त्या दिवसापासून तो आपल्या हातावरून तसाच सावकाश जातो जसा एखाद्या फांदीवरून जाईल. फांदी होता येणं ही केवढी गोष्ट आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

फोन केल्यापासून अकराव्या दिवशी त्याने पहिला घास घेतला. आम्ही दोघी श्वास रोखून बसलो होतो. त्यानंतरही अठ्ठेचाळीस तास त्याला हात लावायचा नव्हता, कारण पोटात अन्न असताना उचललेला साप ते उलटून टाकू शकतो. आता आम्हाला थांबणं जड जात नव्हतं.

ही सगळी हकिकत मी आईला सांगितली तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, पंचमीला नागाला पाजायचे ते दूध आणि तू घातलेली ही अंघोळ, एकाच माळेचे मणी. त्याला काय पायजे ते बघितलंस का, का तुला काय घालायचंय ते घातलंस?"

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी मी लहानपणी पाहिली आहे. गाडग्यांमधून आणलेले जिवंत नाग, ढोल, गुलाल, फण्यासमोर धरलेली दुधाची वाटी, आणि त्या वाटीमागे हात जोडून उभ्या असलेल्या बायकांच्या डोळ्यांतला खरा भाव. तो भाव खोटा होता असं मी कधीही म्हणणार नाही. पण साप दूध पीत नाही. ते पचवायची सोय त्याच्या पोटात नाही. तहानेने व्याकूळ केलेला साप समोर येईल ते पितो, आणि पुढे त्याचे हाल होतात. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ते जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणुका थांबल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडच्या रानातला साप धरून घरात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा.

आमच्या आजोबांच्या कणगीमागे एक धामण असायची. चांगली पुरुषभर लांब. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते असं सगळं गाव म्हणायचं, आणि आजोबा म्हणायचे की ती उंदीर खाते म्हणून आपल्याला ज्वारी खायला मिळते. त्यांनी तिला कधी दूध ठेवलं नाही की तिची पूजा केली नाही. कणगीच्या मागच्या बाजूला फक्त काही आपटायचं नाही, एवढा त्यांचा दंडक होता. धामण आणि कॉर्न स्नेक एकाच मोठ्या कुळातले, दोघेही बिनविषारी, दोघेही उंदरांचे वैरी. इकडच्या शेतकऱ्यांच्या मक्याच्या कोठारांपाशी हा सापडायचा, त्यावरूनच त्याला हे नाव पडलं असंही सांगतात. दोघांचं दुर्दैवही सारखंच. धामणीला नाग समजून मारतात, आणि याला कॉपरहेड नावाचा विषारी साप समजून. कणसूच्या पेटीसमोर बसले की मला आजोबांच्या कणगीमागचा तो गार अंधार आठवतो, आणि सात समुद्रांपलीकडे दाण्याची राखण एकाच तऱ्हेने होते याचं मन भरून समाधान वाटतं.

एप्रिलच्या शेवटी कणसूचे डोळे दुधाळ निळे झाले. लेक म्हणाली, कात टाकणार. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर काचेसारखं एक पारदर्शक खवलं असतं, आणि कात टाकताना तेही बदलतं. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो, म्हणून डोळे असे धुरकट दिसतात. तीन-चार दिवसांनी ते पुन्हा स्वच्छ झाले, आणि त्यानंतर चार दिवसांनी सकाळी भुशावर कात पडलेली होती. पण तुकड्यांत. त्या वर्षी आमच्या घराची हवा कोरडी होती, हीटर नुकता बंद झाला होता. नीट उतरलेली कात पायमोज्यासारखी उलटी होऊन अखंड निघते. ही फाटली होती, आणि शेपटीच्या टोकाशी एक कडं तसंच राहिलं होतं.

ते कडं राहू देऊन चालत नाही. वाळून आवळत गेलं की रक्त पोचत नाही आणि शेपटीचं टोक मरतं. ओढूनही चालत नाही, खालची नवी कातडी फाटते. डॉक्टर म्हणाले, "आता अंघोळ घाला."

दुसऱ्यांदा मी पाणी काढलं. या वेळी टब गोल नव्हता. झाकणाचा चौकोनी डबा, कडेला हवेसाठी भोकं, तळाशी दुमडलेला पंचा, धरायला काही असावं म्हणून. पाणी त्याच्या अंगाच्या निम्म्या उंचीपर्यंत, म्हणजे जेमतेम अर्धं बोट. थर्मामीटर २८ अंश दाखवत होता. मी त्यात कोपर बुडवलं. गार लागलं. आजीने हे पाणी बाळाला कधीच घातलं नसतं. माझं कोपर नाही म्हणत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं ऐकलं नाही.

साबण नाही, चोळणं नाही. कणसू आत उतरला, पंच्याच्या घडीत शिरला आणि थांबला. त्याने कडेकडेने धाव घेतली नाही. डबा चौकोनी होता, कोपऱ्यात त्याने डोकं टेकवलं. वीस मिनिटं मी जागची हलले नाही. मग ओला पंचा तळहातात सैल गुंडाळला आणि त्याला त्यातून जाऊ दिलं. तो पुढे सरकत राहिला, पंचा मागे राहत गेला, आणि शेपूट बाहेर आली तेव्हा ते कडं पंच्यावर चिकटून राहिलं होतं. तांदळाच्या साळीएवढं, पारदर्शक. उजेडात धरलं तर खवल्यांची नक्षी अजून दिसत होती. शेपटीचं नवं टोक ओलं, केशरी, जिवंत होतं.

लेकीने ते कडं आणि कातीचे तुकडे काडेपेटीत घालून ठेवले. डोळ्यांवरची दोन खवलीही त्यांत सापडली, नखाच्या टोकावर मावतील अशी. ती सापडणं गरजेचं होतं, म्हणजे त्याच्या डोळ्यांवर काही राहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात मी पेटीत तिसरं लपण ठेवलं, ओलं शेवाळ भरलेलं. कात टाकायची वेळ आली की त्याने स्वतः ओलाव्यात जावं म्हणून.

श्रावणात नागपंचमी आली. मी कणकेची दिंडं केली, पुरण भरून वाफवलेली. आईने फोनवर नेहमीची उजळणी करून घेतली. आज चिरू नये, कापू नये, तवा ठेवू नये, तळू नये, जमीन खणू नये. लहानपणापासून ऐकलेलं. नांगराच्या फाळाने नागिणीची पिल्लं मेली त्या शेतकऱ्याची गोष्टही लहानपणापासून ऐकलेली. त्या दिवशी मात्र दिंडांची वाफ चेहऱ्यावर घेत असताना मी ते नकार एकेक करून पुन्हा मनात म्हटले आणि थबकले. या सणाचा सगळा शहाणपणा या नकारांतच तर आहे. दुधाची वाटी, गुलाल, ढोल हे माणसाने स्वतःच्या हौसेने मागून जोडलं असावं. मूळ शिकवण एवढीच असावी: एक दिवस तुझा हात आवर. जमिनीखाली कुणी राहतं, त्याचं ऐक. आजोबा वर्षभर कणगीमागे पंचमी पाळत होते.

त्या दिवशी आम्ही पेटीचं झाकण उघडलं नाही.

रात्री पाणी प्यायला उठले. जिन्याखाली पेटीतला मंद उजेड होता. कणसूचे डोळे दोन दिवसांपासून पुन्हा निळसर झाले होते, पुढची कात जवळ आली होती. लपणं दोन्ही रिकामी. शेवाळातही तो नव्हता. मी वाकून पाहिलं. पाण्याच्या भांड्यात त्याने सगळं अंग गोल गोल बसवलं होतं, भांड्याच्या कडेवर हनुवटी टेकली होती, आणि पाण्यावर एवढीशीही हालचाल नव्हती. किती गरम, किती गार, किती वेळ, हे सगळं त्याचं त्याने ठरवलं होतं.

मी अनवाणी होते. तशीच, टाच न आपटता, माघारी वळले.